जमिनीला नक्की काय टेकतं? साष्टांग, सजदा, पंचांग आणि बाकीचं

विणकरबाग
साष्टांग नमस्कारातली आठ अंगं कोणती, असं विचारलं की बहुतेक जण दोन पाय, दोन गुडघे, दोन हात, छाती आणि कपाळ असं मोजून दाखवतात. बेरीज आठच येते, पण यादी चुकते.

जुन्या श्लोकातली यादी अशी आहे: उर, शिर, दृष्टी, मन, वाचा, पाय, हात, गुडघे. जोडीचे अवयव एकेकच धरलेत. म्हणजे जमिनीला टेकणारी अंगं पाच. उरलेली तीन टेकवून दाखवता येत नाहीत. नजर देवाच्या पायांवर, मनात दुसरं काही नाही, तोंडात नाम. हे नसेल तर पालथं पडून झालं, साष्टांग झाला नाही.

चुकीची यादी बहुधा सूर्यनमस्कारातून आली. त्यातल्या अष्टांगासनात दोन चवडे, दोन गुडघे, दोन तळवे, छाती आणि हनुवटी अशी आठ ठिकाणं खरोखरच टेकतात आणि पोट, कंबर वर राहते. तो व्यायाम आहे, चांगलाच आहे, पण देवळात घालायचा दंडवत वेगळा. दंडवत म्हणजे काठी पडावी तसं सरळ. पोट वर धरायचं नाही, कोपरं वाकवून अंगाखाली घ्यायची नाहीत, हात डोक्यापुढे लांब करून जोडायचे.

घालायची रीत: आधी उभ्यानं छातीशी हात जोडा. मग कमरेतून वाका, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवा, गुडघे टेकवा, एकेक पाय मागे न्या, छाती खाली घ्या, शेवटी कपाळ. हात पुढे सरकवून जोडणं सगळ्यात शेवटी. उठताना याच्या उलट. घाईत लोक कपाळाऐवजी हनुवटी टेकवतात, कारण नजर मूर्तीवर ठेवायची असते. नजर आधी ठेवा, मग डोळे मिटून कपाळ टेकवा, दोन्ही साधतं.

जागाही बघावी लागते. गाभाऱ्यात नाही, सभामंडपात. आणि पसरलेले पाय दुसऱ्या देवतेकडे जाणार नाहीत असं.

मला या धाग्यात इतर धर्मांतला टेकण्याचा हिशोब हवा आहे. नुसतं "आमच्यातही वाकतात" नको. काय टेकतं, काय मुद्दाम उचललेलं राहतं, कुठे चुकतं, ते जाणकारांनी लिहावं.

भुईकोट
चांगला विषय काढलात. सजद्याचं, म्हणजे नमाजेत कपाळ जमिनीला टेकवण्याचं, लिहितो, हनफी (सुन्नी मुसलमानांतली एक शाखा) पद्धतीनं, कारण आपल्याकडे बहुतेक मशिदींत तीच चालते.

सजद्यात सात हाडं टेकतात, हे हदीसमध्येच (पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत) मोजून दिलंय: कपाळ (त्यात नाक धरलंय), दोन तळहात, दोन गुडघे, दोन पायांची बोटं. तुमच्या यादीत हात-पाय जोडीनं एक, आमच्यात सुटे मोजतात.

खाली जाताना आधी गुडघे, मग हात, मग नाक, मग कपाळ. उठताना आधी कपाळ, शेवटी गुडघे. अहले हदीस या दुसऱ्या पंथाची मंडळी हात आधी टेकवतात, त्यांच्याकडे त्याला आधार आहे, त्यावरून शेजाऱ्याला टोकू नये. चेहरा दोन तळहातांच्या मध्ये येतो, अंगठे कानांच्या रेषेत. हाताची बोटं मिटलेली. रुकूत, म्हणजे कमरेतून वाकल्यावर, मात्र गुडघे धरताना हीच बोटं फाकवलेली असतात. नवशिके नेमकं उलटं करतात.

उचललेलं काय राहतं? कोपरं. पुरुषांनी कोपरं जमिनीला लावायची नाहीत, बरगड्यांपासूनही लांब ठेवायची, पोट मांड्यांना टेकवायचं नाही. बायकांना हनफी पद्धतीत अंग आवरून, पोट मांड्यांशी घेऊन सजदा सांगितलाय.

जास्तीत जास्त चुका पायांत होतात. बोटं वळवून किब्ल्याकडे (मक्केतल्या काबाच्या दिशेला) तोंड करून टेकलेली हवीत. पूर्ण सजदाभर दोन्ही पाय अधांतरी राहिले तर सजदाच होत नाही. मागे काय चाललंय ते स्वतःला दिसत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. दुसरी चूक, टोपी कपाळावर ओढलेली. तिसरी, जाड फोमची जानमाज (नमाजेची चटई). कपाळ नुसतं फोमवर तरंगतं. आणखी दाबलं तरी खाली जाणार नाही इतकं दाबायचं, तेव्हा कपाळ टेकलं म्हणायचं. सतरंजी किंवा आपली सोलापुरी चादर दुमडून घातली तर ही अडचण येत नाही.

रोजच्या पाच वेळच्या फर्ज (बंधनकारक) नमाजेत १७ रकाती (नमाजेची आवर्तनं). फजर २, जोहर ४, असर ४, मगरिब ३, इशा ४. प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे दिवसाला ३४ वेळा कपाळ जमिनीला लागतं, ते फक्त फर्जचं.

दिशा: सोलापूरहून किब्ला पश्चिमेला आहे, बारकाईनं पाहिलं तर पश्चिमेपासून सुमारे १२ अंश उत्तरेकडे.

शेंगापोळी
भुईकोटभाई, एक विचारू? जनाज्याच्या नमाजेत सजदा असतो का? शेजारधर्म म्हणून मयतीला जावं लागतं, तिथे कधी वाकायचं ते कळत नाही.

भुईकोट
ताई, नसतो. जनाज्याची नमाज पूर्ण उभ्यानंच. रुकू नाही, सजदा नाही, बसणंही नाही. चार तकबीर ("अल्लाहू अकबर" म्हणणं) आणि शेवटी सलाम. तुम्ही मागे शांत उभं राहिलात तर तेवढं पुरे. रांगेतल्या कुणाच्या समोरून आडवं जायचं नाही, एवढं सांभाळा.

एकरुख
पंचांग प्रणामाबद्दल लिहिते, बौद्ध विहारात करतो तो.

पाच अंगं: दोन गुडघे, दोन हात कोपरापासून तळव्यापर्यंत, आणि कपाळ. तीन वेळा. पहिल्यांदा बुद्धाला, मग धम्माला, मग संघाला. गुडघ्यांवर बसून छातीशी अंजली, ती कपाळापर्यंत नेऊन मग खाली. तळवे जमिनीवर पालथे, दोन तळव्यांत कपाळ मावेल एवढं अंतर, साधारण चार बोटं. कोपरं गुडघ्यांच्या जवळ येतात.

वरचं वाचताना एक फरक लक्षात आला. सजद्यात कोपर उचललेलं असणं ही अट, पंचांगात कोपर टेकलेलं असणं ही अट. लांबून दोन्ही सारखीच दिसतात! शाळेच्या पुस्तकांतली चित्रं म्हणूनच फसवी असतात.

इथे होणारी चूक म्हणजे बूड वर उचललं जाणं. टाचांवर बसलेलं शरीर तसंच ठेवून फक्त वरचा भाग खाली यायला हवा. आपल्याकडे गर्दीच्या वंदनेत पुढच्याच्या पायाला डोकं लागेल म्हणून लोक अर्धवट वाकतात आणि तीन प्रणाम सहा सेकंदांत उरकतात. रांगा लावतानाच दोन रांगांत एक हात जास्त अंतर सोडलं तर हे टळतं. त्रिशरण पंचशील म्हणून झाल्यावर "साधू, साधू, साधू" म्हणताना हात जोडलेलेच ठेवायचे, टाळ्या नाहीत.

बारीक_अक्षता
इथे सगळे टेकण्याबद्दल लिहितायत, मी उलट्या बाजूचं सांगतो. आम्हा लिंगायतांच्या इष्टलिंग (गळ्यात घालायचं छोटं लिंग) पूजेत जमिनीकडे काहीच जात नाही. लिंग हातावर येतं.

आंघोळ करून भस्म लावायचं. तर्जनी, मधलं आणि अनामिका या तीन बोटांनी, आडव्या तीन रेषा. मग गळ्यातलं इष्टलिंग डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं. या तळहाताला करपीठ म्हणतात, म्हणजे देवाचं आसन तुमचा स्वतःचा हात. उजव्या हातानं पाणी, भस्म, बेल, फूल, धूप. पूजा झाली की डावा हात वर उचलून लिंग डोळ्यांच्या रेषेत आणायचं आणि पापणी न हलवता बघायचं, हे त्राटक. नमस्कार इथे नजरेनं होतो. विणकरबाग यांच्या यादीतली "दृष्टी" आमच्याकडे पहिल्या नंबरावर आली बघा.

चूक होते ती हाताच्या थकव्यानं. कोपर हवेत राहिलं की दोन-तीन मिनिटांत हात थरथरतो, लिंग खाली येतं, मान त्याच्यामागे वाकते. कोपर बरगडीला टेकवा, उजवा तळवा डाव्याखाली आधाराला द्या, पाठ ताठ. मान वाकवायची नाही. दुसरं, पाणी जास्त घेतलं की तळहातावरून ओघळून कोपरापर्यंत येतं. पळीभर पुरतं, खाली तबक ठेवायचं. इष्टलिंग बाई-पुरुष दोघंही धारण करतात आणि ते बेंबीच्या वर, छातीशी असायला हवं. दोरा सैल होऊन खाली उतरला तर लगेच बदलायचा.

अवांतर: सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात अक्षता भिरकावू नका. उजव्या हाताच्या चिमटीत थोड्याच घ्यायच्या, तळवा वर ठेवून सोडायच्या. मूठ भरून जोरात टाकल्या की पुढच्याच्या डोळ्यात जातात आणि पायाखाली तांदूळ येतात. नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच मानाची काठी) जवळून जाताना वाकून पायाला हात लावायचा प्रयत्न तर अजिबात नको. काठी पेलणाऱ्याचं लक्ष वर असतं. जागेवर उभं राहून हात जोडायचे आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणायचं.

सात_रस्ता
+१. नंदीध्वजाचं बरोबर सांगितलंत, दरवर्षी सांगायला लागतंय.

पंढरपूरचंही यात घाला. पदस्पर्श दर्शनात विठोबाच्या पायांवर कपाळ टेकवायचं, हातानं पाय घट्ट धरायचे नाहीत, बोटांनी चोळायचे तर नाहीतच. शेकडो वर्षांच्या स्पर्शानं मूर्तीची झीज होते, म्हणून वज्रलेप (झीज थांबवणारा लेप) करावा लागलाय. कपाळाला बुक्का, गंध लावून थेट टेकवू नका. आणि महाद्वारातली नामदेव पायरी: तिला हात लावून तो कपाळाला लावायचा, पाय ओलांडून टाकायचा, पायरीवर नाही. गर्दी मागून लोटत असते, म्हणून दोन पावलं आधीच कडेला व्हायचं.

वारकऱ्यांच्या भेटीत दोघं एकमेकांच्या पायांवर एकाच वेळी वाकतात, वय बघत नाहीत. डोकी आपटू नयेत म्हणून दोघांनीही आपापल्या उजवीकडून वाकायचं.

चाटी_गल्ली
दिगंबर जैन पद्धतीचं मी लिहितो. थोडं लांबेल, पण मोजमाप यातच जास्त आहे.

सामायिकाच्या (रोजच्या ध्यानाच्या) सुरुवातीला पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून उभं राहायचं. जोडलेले हात डावीकडून उजवीकडे गोल फिरवायचे, हा एक आवर्त. तीन आवर्त झाले की जोडलेल्या हातांवर एकदा मस्तक नमवायचं, ही शिरोनती. असं चारही दिशांना. म्हणजे १२ आवर्त, ४ शिरोनती. हात फिरवताना तळवे सुटले की तो आवर्त धरत नाहीत. खांद्यातून नको, मनगटातून आणि कोपरातून फिरवा.

मग कायोत्सर्ग. दोन पायांत चार अंगुळं अंतर, हात खाली सोडलेले, अंगाला न चिकटलेले, नजर नाकाच्या शेंड्यावर. श्रवणबेळगोळला ५७ फुटी बाहुबली उभा आहे तो याच स्थितीत. कायोत्सर्ग म्हणजे शरीर सोडून देणं. ताठ कवायतीची मुद्रा नव्हे, भिंतीला टेकणंही नव्हे.

मोजणी श्वासांवर आहे. नऊ वेळा णमोकार (जैनांचा मुख्य मंत्र), २७ श्वासोच्छ्वास. एका णमोकाराला तीन. "णमो अरिहंताणं" घेताना, "णमो सिद्धाणं" सोडताना. "णमो आइरियाणं" घेताना, "णमो उवज्झायाणं" सोडताना. "णमो लोए" घेताना, "सव्वसाहूणं" सोडताना. शेवटचं पद असं मधून तोडावं लागतं, तिथेच लोकांचा श्वास चुकतो. ते अख्खं पद एका श्वासात ओढतात आणि पुढच्या णमोकाराला दम पुरत नाही. एक घोळ झाला की २७ चा हिशोब बसत नाही, मग मंत्र भराभर म्हणून नऊ पुरे करतात. तसं केलं तर तोंडानं मंत्र झाला, कायोत्सर्ग नाही.

मुनींना वंदन करताना "नमोस्तु", आर्यिकांना (साध्वींना) "वंदामि". स्त्रिया गवासनात, म्हणजे गाय बसते तसे पाय एका बाजूला घेऊन वंदन करतात. अंतरही ठरलेलं आहे. आर्यिकांनी आचार्यांना पाच हातांवरून, उपाध्यायांना सहा, साधूंना सात हातांवरून वंदन करावं असं मूलाचार या आचारग्रंथात आहे. चरणस्पर्शासाठी पुढे घुसणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं.

विणकरबाग
चाटी_गल्ली, श्वासांची ही वाटणी इतकी सोपी करून लिहिलीत, मनापासून आभार. शेवटचं पद तोडायचं असतं हे मला नवीन होतं.

चर्चबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

पार्क_चौक
मी लिहिते. कॅथलिक चर्चमध्ये आत गेल्यावर पवित्र पाण्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण: कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. उजव्या हातानं. ऑर्थोडॉक्स परंपरेत अंगठा, तर्जनी, मधलं बोट एकत्र करून आधी उजवा खांदा, मग डावा. शुभवर्तमान वाचायच्या आधी अंगठ्यानं तीन छोटे क्रूस करतात, कपाळावर, ओठांवर, छातीवर. बुद्धीत, वाचेत, हृदयात वचन राहावं म्हणून. मन, वाचा वगैरे वर आलंच आहे, तेच इथे बोटानं लिहिलं जातं.

बाकावर बसण्याआधी वेदीकडे, पवित्र पेटीकडे तोंड करून उजवा गुडघा जमिनीला लावायचा. डाव्या टाचेच्या शेजारी, पाठ सरळ, मग उठायचं. जवळ लाल दिवा तेवत असेल तर पेटीत पवित्र साक्रामेंत (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) आहे असं समजायचं. लोक गुडघा हवेतच अर्धा वाकवून बाकात शिरतात, ते दोन्ही अर्थांनी अर्धवट. गुडघ्यानं होत नसेल तर उभ्यानं खोल मान झुकवावी, ते चालतं.

प्रसाद हातावर घेताना डावा तळवा वर, उजवा त्याच्या खाली, मग उजव्या हातानं उचलून तिथेच तोंडात. चालत चालत नाही.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली प्रॉटेस्टंट मंडळी बरीच आहेत. त्यांच्याकडे क्रुसाची खूण आणि गुडघा टेकणं साधारणपणे नसतं. डोळे मिटून, मान खाली घालून प्रार्थना, गीताला उभं राहणं. तिथे जाऊन पाहुण्यानं क्रूस करू नये, उगाच अवघडल्यासारखं होतं.

नवी_पेठ
फिजिओथेरपीच्या बाजूनं थोडं.

साष्टांग, सजदा, पंचांग, तिन्हीत डोकं हृदयाच्या पातळीला किंवा खाली जातं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना झटक्यात उठल्यावर अंधारी येते. साष्टांगातून थेट उभं राहू नका. कुशीवर वळा, हाताच्या आधारानं बसा, तीन-चार श्वास घ्या, मग उठा.

गुडघ्याची कूर्चा झिजलेली असेल तर खाली बसण्यापेक्षा उठणं जास्त दुखतं, कारण उठताना सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. दुखरा पाय मागे, चांगला पुढे ठेवून उठा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, पारा ४० च्या वर असतो. उघड्या आवारातली काळी फरशी तळव्याला आणि कपाळाला भाजते. मधुमेहामुळे तळपायाची जाणीव कमी झालेल्यांना ते कळतही नाही आणि फोड येतात. त्यांनी सकाळी दहाच्या आत जावं, प्रदक्षिणा सावलीतून घालावी. फरशीवर सांडलेलं तेल आणि नारळाचं पाणी हे घसरून पडायचं दुसरं मोठं कारण.

सात_रस्ता
प्रदक्षिणेचा विषय निघालाच आहे तर: देवीला १, गणपतीला ३, विष्णूला ४, सूर्याला ७, शंकराला अर्धी. अर्धी म्हणजे मध्येच सोडणं नव्हे. डावीकडून निघून अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या गोमुखीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या वाटेनं उलटं फिरून गोमुखीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत यायचं आणि परत नंदीपाशी. दोन्हीकडून मिळून एक होते. पाणी झाकून नेलेलं असेल तर ओलांडायला हरकत धरत नाहीत.

बारीक_अक्षता
"डावीकडून निघून" म्हणजे देव आपल्या उजव्या हाताला राहील असं. नवीन माणूस गोंधळतो म्हणून लिहिलं.

शेंगापोळी
घरी वडीलधारी आहेत, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, खुर्चीवरच सगळं. त्यांचा नमस्कार, आणि शेजारच्या चाचींची नमाज, खुर्चीवर कशी बसवायची?

भुईकोट
चाचींचं सांगतो. उभं राहता येत असेल तर उभ्यानं सुरू करावं, न झेपलं की खुर्ची. रुकूला थोडं वाकायचं, सजद्याला त्याहून जास्त, दोन्हींत फरक दिसला पाहिजे. कपाळ टेकवायला समोर टेबल किंवा उशी उचलून धरायची गरज नाही, इशारा पुरतो. रांगेत खुर्चीचे मागचे पाय बाकीच्यांच्या टाचांच्या रेषेत ठेवावेत, म्हणजे मागच्या रांगेतल्याला सजद्याला जागा मिळते.

विणकरबाग
वडिलांसाठी: पाय जमिनीला सपाट टेकलेले, हात जोडून छातीशी, मान खाली. नजर, मन, वाचा ही तीन अंगं खुर्चीवरही पूर्ण होतात. हत्ते असलेली खुर्ची घ्या, आणि पुढे वाकताना चाकं नसलेलीच.

चाटी_गल्ली
बसून कायोत्सर्गही होतो. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर पाठ न टेकता, डावा तळवा मांडीवर उताणा, त्यावर उजवा उताणा. श्वास तेच २७.